नेपथ्याचे प्रश्न: मोठी वस्तू, हलका सांगाडा

पावसाळा आला की मुंबईतल्या महाविद्यालयांत एकांकिका स्पर्धांची धामधूम सुरू होते. या वेळी आलेल्या पत्रांतले बरेच प्रश्न एकाच अडचणीभोवती फिरतात: रंगमंचावर प्रमाणाबाहेर मोठी वस्तू हवी आहे, हाताशी पैसा थोडा, जागा त्याहून थोडी, आणि मांडायला मिनिटं मोजकी. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे, कारण पुढची बरीच उत्तरं त्यावरच उभी आहेत.

प्रश्न: आमच्या एकांकिकेत एका भग्न पुतळ्याचा दगडी हात रंगमंचावर पडलेला आहे. तळवा उताणा, बोटं वर वळलेली. नायिका तळव्यावर बसते, एका प्रसंगात उभीही राहते. सुतार सगळं प्लायवूडमध्ये करायला सांगतो, पण वजन दीडशे किलोच्या वर जाईल असंही म्हणतो. दुसरा मार्ग आहे का? (विद्यार्थिनी, विलेपार्ले)

आहे. या हातात दोन वस्तू आहेत, त्या आधी मनात वेगळ्या करा. एक वस्तू भार घेते, दुसरी नुसती दिसते. भार घेणारी वस्तू म्हणजे तळव्याच्या आत दडलेली साधी लेव्हल, म्हणजे नटाला उभं राहता येईल असा चौथरा. बोटं, अंगठा, तुटकं मनगट आणि वरची सगळी कातडी दिसण्यापुरतीच आहे, तिथे लाकूड घालायचं कारण नाही. प्लायवूडच्या थरांतून बोटं कोरायला गेलात तर वजन वाढतं आणि गोलाईही नीट मिळत नाही.

मापं घेण्यासाठी शाडूच्या मातीचा खऱ्या हाताएवढा नमुना करा. मोठा हात १५ पट धरला तर हिशेब सोपा होतो: नमुन्यावरचा १ सेंटीमीटर म्हणजे रंगमंचावर जवळपास ६ इंच. तळवा १० सेंटीमीटर लांब आणि ८ रुंद असेल, तर लेव्हल ५ फूट बाय ४ फुटांची. मधलं बोट ८ सेंटीमीटरचं, म्हणजे ४ फूट. बोटाची जाडी पावणेदोन सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे १० ते ११ इंच. बोटांचं वळण आणि कोनही या नमुन्यावरूनच उचला. कागदावरच्या समोरून काढलेल्या चित्रात ते कळत नाहीत, आणि वेल्डरला तोंडी सांगितलेलं वळण हमखास चुकतं.

लेव्हल दीड फूट उंच ठेवा. १ इंची चौकोनी लोखंडी पाइप, १६ गेज जाडीचा. वरची चौकट, तिच्यात दर १५ इंचांवर एक आडवा पाइप, सहा पाय, पायांना खालून बांधणारी दुसरी चौकट. हे सगळं साधारण ५७ फूट होतं. पाइप २० फुटी लांबीत मिळतो, म्हणजे तीन नग. फक्त कापण्याचा क्रम आधी कागदावर मांडा. वर १२ मिलीमीटरचा प्लाय. पाइपाचं वजन २० किलोच्या आसपास, प्लायचं १५, म्हणजे चार जणांनी सहज उचलण्याजोगं. नायिका उडी मारणार असेल तर प्लाय १८ मिलीमीटरचा घ्या. पाय अगदी कोपऱ्यांत हवेत. दिसू नयेत म्हणून ते आत घेतले, तर काठावर उभं राहिल्यावर लेव्हल कलंडते. आणि निदान दोन बाजूंना तिरकी पट्टी वेल्ड करून घ्या. ती नसली की बसताना लेव्हल मजबूत वाटते, पण नायिका उभी राहून वळली की आडवी डुलते. जोडणीच्या जागी कितीही जाड वेल्ड केलं तरी हे डुलणं थांबत नाही, ते तिरका आधारच थांबवतो.

बोटं सुटी करा. चौकटीच्या पुढच्या कडेला, नमुन्यावरून मोजलेल्या कोनात, सव्वा इंची चौकोनी पाइपाचे ९ इंच लांबीचे तुकडे वेल्ड करून घ्या, याच बोटांच्या खोबण्या. प्रत्येक बोटाच्या आतला १ इंची पाइप त्यात सरकतो आणि आरपार ८ मिलीमीटरचा बोल्ट जातो, वर हाताने फिरवता येणारा विंग नट. दोन पाइपांमध्ये दोन-तीन मिलीमीटरची फट उरते. तेवढ्यानेही चार फूट वर बोटाचं टोक बोटभर हलतं, आणि दगडाचं बोट हललेलं प्रेक्षक लगेच टिपतो. आतल्या पाइपाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की हा खेळ जातो. पाचही बोटं आणि पाचही खोबण्यांवर ऑइल पेंटने आकडे घाला. वेल्डिंग हातानेच होतं, त्यामुळे दुसरं बोट तिसऱ्या खोबणीत बसेलच असं नाही.

बोटाला मांस चढवायचं ते बांबूच्या कामट्यांनी. वेताची किंवा कामटीची कडी वळवा, मुळाशी ११ इंच व्यासाची, टोकाकडे ७ इंचांपर्यंत उतरत जाणारी. दोन कड्यांत ८ इंचांहून जास्त अंतर नको, नाहीतर वाळताना कापड आत ओढलं जातं आणि बोटावर बरगड्या उमटतात. कड्यांवरून सहा उभ्या कामट्या सुतळीने बांधा आणि प्रत्येक गाठीवर फेविकॉलचा ठिपका द्या. पेरांच्या जागी एक कडी मोठी आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या जरा लहान घ्या. बोट जिवंत दिसतं ते या पेरांमुळे. तिथे वेळ द्या, बाकी भाग उरकला तरी चालेल.

त्यावर मांजरपाटाच्या ४ इंच रुंद पट्ट्या, फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात घेऊन भिजवलेल्या. कापड वाळलं की वर कागदाचे तीन थर, मैद्याच्या खळीत. पहिला थर वर्तमानपत्राचा, दुसरा ब्राउन पेपरचा, तिसरा पुन्हा वर्तमानपत्राचा. रंग वेगळा असल्याने कुठे थर राहिला ते दिसतं. कागद फाडून घ्या, कात्रीने कापू नका. कापलेली कड रंगाखाली रेघ सोडते. शेवटी तीन भाग खडूची भुकटी, एक भाग फेविकॉल आणि इडलीच्या पिठाइतकं सरसरीत होईल एवढं पाणी, असा लेप. फेविकॉल कमी पडला तर तो हाताला पांढरा लागतो, आणि एकाच थरात जाड थापला तर तडकतो. दगडी हातावर दोन-चार तडे शोभतील, पण ते रंगाने काढावेत. लेपाच्या तड्यातून पोपडे सुटतात आणि दुसऱ्या फेरीपर्यंत खालचा कागद दिसू लागतो.

असं एक बोट चार ते पाच किलोंत बसतं. हे पक्कं लक्षात ठेवा आणि नटांनाही सांगा: बोटांना टेकायचं, लोंबकळायचं नाही. दिग्दर्शकाला ते हवंच असेल तर त्या एका बोटाचा पाइप दीड इंची घ्यावा लागेल, खोबणी त्या मापाची करावी लागेल आणि लेव्हलच्या मागच्या बाजूला वजनंही ठेवावी लागतील. हा निर्णय वेल्डिंगच्या आधीचा आहे, रंगीत तालमीतला नाही.

लोखंडाला कागद लागण्याआधी रेड ऑक्साइड मारा. ओल्या खळीखाली लोखंड गंजतं आणि गंजाचा डाग पांढऱ्या लेपातून वर येतो.

प्रश्न: कागदाचे थर वाळतच नाहीत. वरून कोरडे लागतात, पण दाबलं की आत मऊ, आणि आता वास येऊ लागला आहे. (बॅकस्टेज गट, परळ)

वास म्हणजे आत बुरशी धरली आहे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पाणी मुळातच सावकाश उडतं. त्यात एका दिवसात तीन-चार थर चढवले की वरचा थर सुकून झाकण होतो आणि खालचं पाणी अडकतं. उपाय वेळापत्रकातच आहे: दिवसाला एकच थर. मधे पंखा सतत, तोही वस्तूच्या आतून हवा खेळेल असा. म्हणून बोटाचं खालचं तोंड उघडं ठेवा आणि मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला मुठीएवढी दोन-तीन भोकं राखा. हॅलोजन लावून भाजू नका. उष्णतेने वरचाच थर आधी आवळतो आणि कागद वाकडा होतो. रात्री प्लॅस्टिकने झाकणं सर्वांत वाईट. झाकायचंच तर जुनी चादर घ्या.

खळ करताना १०० ग्रॅम मैद्याला पाऊण लिटर पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवा, मग उकळत्या पाण्यात ओता आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळा. पूर्ण निवल्यावर मोरचूद घाला, १ किलो मैद्याच्या खळीला एक चमचा पुरतो. बुरशी, झुरळं आणि उंदीर तिघांनाही तो दूर ठेवतो. मोरचूद विषारी आहे, तेव्हा हातमोजे घाला आणि प्लॅस्टिकची बादली वेगळी ठेवा. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात तो कधीच घालू नका, धातू खाल्ला जातो. खळ दोन दिवसांपुरतीच करा.

आता जे मऊ झालं आहे ते वाचवता येणार नाही. सुरीने तेवढा भाग कापून काढा, कामट्या पुसून वाळवा, आणि तिथे मांजरपाटापासून पुन्हा सुरुवात करा. वरून आणखी कागद लावून झाकलंत तर रंगमंचाच्या दिव्यांखाली तो वास पहिल्या रांगेपर्यंत जातो.

प्रश्न: थर्माकोल वापरला तर हे सगळं दोन दिवसांत होईल ना? (विद्यार्थी, डोंबिवली)

होईल, पण वापरू नका. महाराष्ट्र सरकारच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली. त्याच वर्षी जुलैत गणपतीच्या थर्माकोल मखरांसाठी सवलत द्यायला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. त्यानंतर मखरं करणारे अनेक कारागीर पुठ्ठ्याकडे आणि कापडाकडे वळले, आणि नाटकासाठीही तेच साहित्य चांगलं आहे. तांत्रिक बाजूही थर्माकोलच्या विरुद्धच आहे. थिनरचे रंग, स्प्रे पेंट आणि रबरी चिकटवणी त्याला विरघळवतात. धक्का लागला की कोपरा तुटून पांढरे दाणे काळ्या रंगमंचावर विखुरतात. पेटला तर वितळून ठिबकतो आणि काळा धूर सोडतो. पटकन आकार हवा असेल तर फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा सात थरी पुठ्ठा घ्या. एका बाजूच्या नळ्या ३-३ इंचांवर हलक्या कापल्या की तो सुबक गोल वळतो.

प्रश्न: आम्ही दगडी खांब राखाडी रंगवला. जवळून छान दिसतो, पण तालमीत दिवे लागल्यावर सिमेंटच्या पाइपासारखा सपाट झाला. काय चुकलं? (नेपथ्य सांभाळणारी विद्यार्थिनी, माटुंगा)

दोन गोष्टी. तुमचा राखाडी बहुधा नुसत्या पांढऱ्या-काळ्याचा आहे, आणि तुम्ही तो दिव्यांवर अवलंबून राहून एकाच छटेत रंगवला आहे. समोरून पडणारा उजेड उंचवटे खाऊन टाकतो. नाट्यगृहात पुढून येणारे दिवे जोरदार असतात, त्यामुळे सावली आपणच रंगवायची असते.

रंग मॅट इमल्शनच घ्या. चकाकणारा रंग दिव्याचा डाग परत फेकतो आणि दगड प्लॅस्टिकचा वाटतो. पहिल्या प्रश्नातल्या हाताचं क्षेत्रफळ मनगट धरून ११० ते १२० चौरस फूट होतं. खडबडीत पृष्ठभागावर एका लिटरमध्ये रंगाचे दोन थर ४५ चौरस फुटांवर बसतात, म्हणजे मूळ रंगाला अडीच-पावणेतीन लिटर आणि छटांना एक. ४ लिटरचा एक डबा पुरतो. तुमचा खांब १० फूट उंच आणि २ फूट व्यासाचा असेल तर क्षेत्रफळ ६३ चौरस फूट, म्हणजे दीड लिटर मूळ रंग. पांढऱ्यात काळा, पिवळी माती आणि अगदी थोडा तांबडा स्टेनर (छटा आणायला रंगात मिसळतात तो दाट रंग) घालून उबदार मध्यम राखाडी करा. वाळल्यावर छटा बदलते, तेव्हा पुठ्ठ्यावर लावून, वाळवून मगच पुढचा स्टेनर घाला. लिटरला ३०-४० मिलिलिटरच्या वर स्टेनर गेला की रंग नीट वाळत नाही आणि पोशाखाला लागतो. गडद छटेसाठी पांढऱ्यात स्टेनर ओतत बसण्यापेक्षा दुकानातल्या मशीनवर गडद रंगच मिसळून घ्या. आणि सगळा मूळ रंग एकाच वेळी एकाच बादलीत करा. अर्ध्यात संपलेली छटा पुन्हा जुळत नाही.

मग क्रम असा. मूळ रंग वाळला की गडद रंगाच्या एका भागात पाच भाग पाणी आणि थोडा फेविकॉल घालून पातळ पाणी करा. ते खाचांत, पेरांच्या घडीत, तड्यांत सोडा आणि वरचं ओल्या फडक्याने लगेच पुसा. हे वरून खाली करा, म्हणजे ओघळ पावसाने उमटल्यासारखे दिसतात. दुसऱ्या टप्प्यात स्पंज: दोन-तीन जवळच्या छटा, स्पंज दर ठोक्याला फिरवत, म्हणजे ठसा एकसारखा येणार नाही. तिसरा टप्पा सुक्या ब्रशचा. रुंद ब्रशला फिका रंग घेऊन तो वर्तमानपत्रावर जवळजवळ संपवा, आणि मग फक्त उंचवट्यांवरून हलका ओढा. शेवटी गडद आणि फिक्या रंगाचे बारीक शिंतोडे. शिंतोड्यांशिवाय मोठा सपाट भाग दुरून कागदासारखाच वाटतो.

सावली कुठल्या बाजूला? प्रकाशयोजना करणाऱ्याला आधी विचारा, त्याचा मुख्य दिवा डावीकडून असेल तर रंगातली सावली उजवीकडे हवी. दोन उलट सावल्या पडल्या की डोळा गोंधळतो आणि वस्तू खोटी ठरते. दिव्यापुढे लावायच्या रंगीत जिलेटिन कागदाचाही विचार करा. निळ्या उजेडात तांबडा रंग काळा पडतो, अंबर, म्हणजे पिवळट नारिंगी उजेडात निळा मळकट होतो. २ बाय २ फुटांचा प्लायचा तुकडा याच क्रमाने रंगवून प्रत्यक्ष दिव्यांखाली ठेवा आणि ३० फूट मागे जाऊन बघा. रंगवतानाही दर अर्ध्या तासाने तेवढं मागे जायची सवय लावा. हाताशी भडक आणि ओबडधोबड वाटणारा फटकारा तिथून बरोबर बसतो. जवळून सुंदर दिसेल असं रंगवत राहणं हीच नव्या हातांची सर्वांत मोठी अडचण असते.

प्रश्न: २० बाय १२ फुटांचा पडदा रंगवायचा आहे, प्रोजेक्टर नाही. छोटं चित्र मोठं कसं करायचं? (विद्यार्थी, गिरगाव)

चौकटींनी. छोटं चित्र बरोबर २० बाय १२ सेंटीमीटरचं काढा आणि त्यावर १ सेंटीमीटरच्या चौकटी आखा. पडद्यावर १ फुटाच्या चौकटी, म्हणजे २४० घरं. वरच्या कडेला आकडे, बाजूला अक्षरं. प्रत्येक घरात रेघ कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते एवढंच बघा. चेहरा किंवा अक्षरं असतील तिथे त्या घरांचे आणखी चार भाग करा. चौकटी आखायला सुताराचं सूत, कोळशाच्या पुडीत बुडवलेलं. दोन टोकं ताणून धरा, मधे उचलून सोडा. नीळ वापरू नका, ती फिक्या रंगातून वर येते. कोळसा फडक्याने झटकता येतो.

कापडाबद्दल सावध राहा. न धुतलेला मांजरपाट पाणी लागलं की आटतो. फुटामागे अर्धा इंच धरून जास्तीचं कापड घ्या. २० फुटांना ते १० इंच होतं. चौकटीवर ताणणार असाल तर पहिल्यांदा किंचित सैल ठेवा. सुरुवातीलाच घट्ट ताणलेलं कापड पहिल्या पातळ खळीने आटतं आणि लाकडी पट्ट्यांची चौकट आत वाकवतं. आटून झाल्यावरच चौकटी आखा, नाहीतर घरं वाकडी होतात. मंगलदास मार्केटमध्ये मोठ्या पन्ह्याचं सुती कापड मागा, जोड जितके कमी तितकं बरं. जोड येणारच असेल तर तो आडवा घ्या, उभा जोड मागून उजेड पडला की लगेच दिसतो.

हे काम नवं नाही. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाकडे वळण्याआधी संगीत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, आणि त्या कापडावर महाल नि अरण्यं खोलवर जाणारी दिसत. साधनं तुमच्याजवळ त्यांच्याहून कमी नाहीत.

प्रश्न: प्रेक्षागृहाच्या व्यवस्थापकांनी कापड आग न धरणारं हवं असं सांगितलं आहे. घरी करता येईल का? (निर्मिती पाहणारी विद्यार्थिनी, बोरिवली)

त्यांना प्रमाणपत्र हवं असेल तर प्रक्रिया केलेलं कापडच विकत घ्यावं लागेल. त्यांना चालत असेल तर सुती कापडासाठी साधा मार्ग आहे: १ लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम टाकणखार आणि ४५ ग्रॅम बोरिक पावडर. कापड बुडवून, न पिळता वाळवा. मग एक चिंधी मोकळ्यावर, पाण्याची बादली शेजारी ठेवून काडीला लावून बघा. काडी काढल्यावर ज्योत विझली पाहिजे. पॉलिस्टरवर याचा उपयोग नाही, आणि कापड भिजलं की क्षार धुऊन जातात. एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: टाकणखाराचं पाणी फेविकॉलमध्ये पडलं की क्षणात गुठळी होते. म्हणून प्रक्रिया केलेलं कापड चिकटवायला मैद्याची खळ वापरा, आणि दोन्हींचे ब्रश वेगळे ठेवा.

आणि एवढं करूनही पणती, उदबत्ती किंवा मशाल खऱ्या ज्योतीची नको.

प्रश्न: टेम्पो, दार, मांडणी यांचा अंदाज कसा घ्यायचा? (विद्यार्थी, कुर्ला)

चित्र काढायच्या आधी टेप घेऊन. तीन मापं लागतात: जिथे बनवणार त्या खोलीचं दार, टेम्पो, आणि नाट्यगृहात सामान शिरतं ते दार. प्रत्येक नाट्यगृहाचं वेगळं असतं. फेरी माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरात असेल तर तिथे, पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात असेल तर तिथे जाऊन बघा, वाटेतले जिने आणि वळणंही मोजा. ‘छोटा हत्ती’ म्हणतात त्या टेम्पोचा हौदा साधारण ७ फूट बाय पावणेपाच फूट असतो. पहिल्या प्रश्नातली ५ बाय ४ फुटांची लेव्हल त्यात आडवी बसते, वर चादरींत गुंडाळलेली बोटं. खोलीच्या ३ फुटी दारातून ती कडेवर उभी करून निघते, कारण तिची जाडी दीड फूटच आहे. ऑगस्टात वर ताडपत्री बांधा, पण नाट्यगृहात पोचल्याबरोबर काढा.

रंगमंचाच्या लाकडात खिळा मारायची परवानगी गृहीत धरू नका. पायांखाली रबर लावा, डगमगत असेल तर प्लायची पाचर सरकवा. जोडणीची तालीम घड्याळ लावून घ्या, प्रत्येक बोटाला एक माणूस, आणि शेवटच्या दोन तालमी अंधारात, कारण ब्लॅकआउटमध्ये बोल्ट हाताला सापडायला हवा. जास्तीचे चार बोल्ट आणि विंग नट एकाच्या खिशात असू द्या. नागदेवी स्ट्रीटला ते सुटे मिळतात, पण प्रयोगाच्या दिवशी तिथे जायला कुणी मोकळं नसतं. मूळ रंगाची एक बाटली आणि ओला स्पंजही बरोबर घ्या. टेम्पोतून उतरवताना बोटांच्या टोकांचा रंग सर्वांत आधी उडतो.